मीटर पाणी मोजतो की वारा?

हिंगोली शहराची तहान पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणावर भागते. हे पाणी उपसायचे, शुद्ध करायचे, उंच टाकीत चढवायचे. त्यासाठी लागणाऱ्या विजेचा युनिट न् युनिट मोजला जातो. पाणी गल्लीत उतरले की मात्र मोजणी सुटते. राज्यातल्या अनेक लहान शहरांत पाणीपट्टी आजही वर्षाला ठोक आकारतात. ‘अमृत २.०’ योजनेने हिशेबाबाहेरचे पाणी २० टक्क्यांच्या आत आणायला सांगितले आहे आणि मोजल्याशिवाय ते जमणारे नाही. म्हणूनच घरोघरी मीटर बसवण्याआधी तो म्हातारा कसा होतो, हे पाहायला हवे.

घरगुती मीटर बहुधा ‘मल्टी-जेट’ प्रकारचा असतो. आत छोटा पंखा, त्यावर चहूबाजूंनी पाण्याच्या धारा. मीटर मोजतो त्या पंख्याच्या फेऱ्या. त्यांवरून लिटरचा आकडा काढतो. सारी मेख इथेच आहे. पंखा फिरायला किमान जोर लागतो. आयएस ७७९ या भारतीय मानकानुसार ‘ब’ वर्गाच्या अर्धा इंची मीटरची हमी ताशी ३० लिटरपासून सुरू होते. तिथून १२० लिटरपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २ टक्के चूक चालवून घेतली जाते.

ही झाली नव्याची गोष्ट. वापराने पंख्याचा आस झिजतो, पाण्यातला चुना साचतो, वाहिनी फुटली की वाळू शिरते. जोरदार धारेला हे घर्षण फारसे जाणवत नाही. बारीक धारेने मात्र पंखा जागचा हलत नाही. त्यामुळे जुना मीटर सहसा कमी दाखवतो. ताशी २० लिटर गळणारा नळ दिवसाला ४८० लिटर घालवतो. शहरासाठी माणशी १३५ लिटरचा निकष धरला, तर हे साडेतीन माणसांचे पाणी झाले. थकलेल्या मीटरवर त्याची नोंदही होत नाही.

पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येत असेल, तर गुंता वाढतो. रिकाम्या वाहिनीत हवा भरलेली असते. पाणी सुटले की ती नळातून फुसफुसत बाहेर पडते आणि वाटेत पंख्याला गरगर फिरवते. तेवढे आकडे ग्राहकाच्या माथी. पुढे टाकी भरत आली की बॉल कॉक धार बारीक करत नेतो आणि मीटर मागे पडतो; ते नुकसान पालिकेचे. त्यात कोणी नळाला थेट टिल्लू पंप लावला, तर शेजाऱ्याच्या वाहिनीतही हवा आणि गाळ ओढला जातो.

कराडजवळच्या मलकापूरने यावर मुळापासून उपाय केला. तिथे पाणी चोवीस तास, मीटर दुरून वाचता येणारे आणि दर टप्प्याटप्प्याने वाढणारा. वाहिनी सदा भरलेली असली की हवेला जागाच उरत नाही.

नव्या अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये पंखाच नसतो. ध्वनिलहरी प्रवाहाच्या दिशेने लवकर पोहोचतात, उलट दिशेने उशिरा. या फरकावरून वेग कळतो. फिरणारा भाग नसल्याने झीज नाही आणि बारीक धारही सहसा सुटत नाही. किंमत मात्र जास्त आणि बॅटरीचे आयुष्य ठरलेले.

मीटर बदलताना नुसते बसवल्याचे वर्ष पाहू नये. त्यातून किती पाणी गेले हे पाहावे, प्रत्येक भागातले काही मीटर काढून चाचणी बाकावर तपासावेत. त्याआधी गळत्या बुजवाव्यात, एअर व्हॉल्व्ह दुरुस्त करावेत, पाण्याचे तास वाढवावेत. नाहीतर नवा यांत्रिक मीटरही वारा मोजू लागेल.

घरची गळती ओळखणे सोपे आहे. नळाला पाणी असताना घरातल्या सगळ्या तोट्या आणि टाकीचा कॉक बंद करा. तबकडीवरची छोटी चांदणी तरीही फिरत असेल, तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी झिरपते आहे. मात्र ती स्थिर राहिली म्हणून निर्धास्त होऊ नका. मीटर जुना असेल, तर बारीक गळती तिलाही हलवत नाही.