“वाचेल का हो, डॉक्टर?”

दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांडे ओस पडू लागतात. माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव मिळाले, यातच त्या धंद्याचे सारे आले. हा कोयता कधी उसाऐवजी पायावर बसतो. जखम बोटभर. हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि पुन्हा फडात उतरायचे. चार दिवसांनी हुडहुडी भरते, धाप लागते, माणूस बरळू लागतो. मग धावपळ करून त्याला मोठ्या दवाखान्यात आणतात. अतिदक्षता विभागाच्या दाराशी नातेवाईक एकच विचारतात, “वाचेल का हो, डॉक्टर?”

प्रश्न जुनाच आहे. चरकसंहितेतले इंद्रियस्थान, चांगले बारा अध्याय, मृत्यूची पूर्वचिन्हे ओळखण्यातच खर्ची पडले आहे. त्या चिन्हांना शब्द आहे ‘अरिष्ट’. आपण तो कोणत्याही संकटाला लावतो. वैद्याच्या लेखी मात्र तो मरणाचा सांगावा होता.

आता हा सांगावा आकड्यांत मांडतात. १९७४ हे साल या बाबतीत मोठे मजेचे. त्या वर्षी अंबाजोगाईला खेड्यापाड्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आज ते स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ओळखले जाते. त्याच वर्षी ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट यांनी रुग्णाची शुद्ध मोजण्याची पट्टी मांडली, आणि अमेरिकेत सुसान बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जखमांचे गुण ठरवले. शरीराचे सहा भाग पाडायचे, सर्वांत जास्त दुखावलेल्या तिहींच्या गुणांचे वर्ग करून बेरीज घ्यायची. कमाल ७५.

गोम इथेच आहे. हा आकडा जखमेचा. आमच्या कोयत्याच्या जखमेला त्यात जेमतेम दोन-चार गुण मिळतील, आणि तरी माणूस दगावेल! कारण मारते ती जखम नव्हे, सेप्सिस. जंतू शिरल्यावर त्यांच्याशी झुंजताना शरीराचा तोल सुटतो आणि ते आपल्याच अवयवांवर उलटते. म्हणून १९९६ साली व्हिन्सेंट आदी तज्ज्ञांनी दुसरे गणित मांडले. फुप्फुस, रक्ताभिसरण, यकृत, मूत्रपिंड, मेंदू आणि रक्त गोठण्याची शक्ती, या सहांना बिघाडाप्रमाणे शून्य ते चार गुण. बेरीज २४ पर्यंत. या गणिताचे आद्याक्षरी नाव ‘सोफा’. बसण्याच्या सोफ्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता बेरीज दहा आली, तर त्याचा अर्थ काय? अशा शंभर रुग्णांत साधारण किती दगावतील, एवढाच. आपला माणूस त्या दगावणाऱ्यांत आहे की उरलेल्यांत, याबद्दल आकडा मुका असतो. ब्रुसेल्सच्या एका रुग्णालयात ३५२ रुग्णांची पाहणी झाली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. सुरुवातीचा आकडा काहीही असो, पहिल्या ४८ तासांत तो ज्यांचा चढला, त्यांच्यातले निम्मे किंवा अधिक दगावले. उतरला त्यांच्यात हे प्रमाण बरेच कमी. म्हणजे आकडा केवढा, याहून तो कोणीकडे चालला आहे, हे पाहायचे.

आमच्याकडे निर्णय मात्र पहिल्या संध्याकाळीच होतो. मुकादमाची उचल फिटलेली नसते, खिशात दिडकी नसते, कुणी वडीलधारा म्हणतो, “आता काय राहिलंय? घरी न्या, माती तरी गावात होईल.” मला त्या वडीलधाऱ्याचा राग येत नाही. पण दोन दिवसांनी जे कळायचे, ते त्याने पहिल्याच रात्री ठरवलेले असते.

अवयवांचा हिशेब करायला रक्त तपासावे लागते. २०१६ साली म्हणून एक सोपी खूण सुचवली गेली: श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि भान बिघडलेले. जंतुसंसर्गाचा संशय आहे आणि यांतली दोन लक्षणे आहेत, तर धोका मोठा. मात्र केवळ हिच्यावर विसंबू नये, असे २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बजावले. ही खूण नसूनही रोग असू शकतो. त्याच सूचना म्हणतात, सेप्सिसने रक्तदाब कोसळला असेल, तर जंतुनाशक औषध पहिल्या तासाच्या आत सुरू झाले पाहिजे.

तो तास कोयत्याच्या बाबतीत धरायचा कुठून? फडात हुडहुडी भरली तिथून, गाडी मिळाली तिथून, की दवाखान्याच्या दारापासून?