दायमाबादच्या टेकाडाखाली

हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या की आमच्या बैठकीत गप्पांना तोंड फुटतं. एकदा विषय निघाला दायमाबादचा. आपल्याच श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेकाठचं ठिकाण. पण पाहिलेलं आमच्यात कुणीच नाही. "जाऊन यायचं का?" म्हटलं, तर लगेच प्रश्न आला, "देऊळ आहे का तिथं?" नाही. "बाजार?" तोही नाही. मग घरी काय सांगून निघायचं? बाईनं नुसतं "बघायचंय" म्हटलेलं घरात कुणी कारण धरत नाही. तरी गेलो.

दिसायला तिथं टेकाड, झुडपं आणि खापरं, एवढंच. पण 1958 साली बोपर्डीकर नावाच्या संशोधकांना ही जागा साधी नाही हे कळलं, आणि पुढं 1979पर्यंत इथं तीनदा उत्खनन झालं. मातीचं घर पडलं की त्याच जागी नवं उभं राहतं, जमीन चढत जाते. सारवणाचे पोपडे एकावर एक बसावेत, तसे इथं पाच काळांतल्या वस्त्यांचे थर निघाले. सगळ्यात खालचा चार हजार वर्षांपूर्वीचा.

1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि हातभर लांबीचा बैलांचा रथ, त्यात उभा हाकणारा. त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर अभ्यासकांचा अजून वाद आहे. आम्हाला प्रश्न पडला तो गेंड्याचा. आज प्रवरेकाठी गेंडा कुठला? घडवणाऱ्यानं पाहिला तरी कुठं?

मग आम्ही वाचलेलं एक सांगितलं. इथं लहान मूल गेलं, की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. सगळ्या गप्प झाल्या. "घरात का गं?" एकीनं विचारलं. या लोकांनी लिहून काही ठेवलेलं नाही, अभ्यासकही अंदाजच करतात. आमच्या एक मावशी, ज्यांचं पहिलं बाळ गेलं होतं, हळूच म्हणाल्या, "आईला शेजारी निजता येतं ना." गटात इतकी वर्षं आहेत, पण त्या बाळाबद्दल त्या बोलल्या ते त्याच दिवशी.

निघताना एकीच्या पिशवीत खापराचा तुकडा दिसला. परत ठेवायला लावला. खापर कुठं, कोणत्या थरात पडलंय, त्यावरून त्याचं वय काढतात. घरी फडताळात नेऊन ठेवलं की ते मुकं होतं. (ती दोन दिवस रुसली होती, हेही सांगून टाकतो.)

तिथल्या वरच्या थरातली लाल मडकी, काळ्या नक्षीची, तोटीची, अशीच संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला सापडली होती. त्या गावावरूनच त्या काळाला जोर्वे संस्कृती म्हणतात. जोर्व्याला कधी जायचं, हे आता मावशीच विचारतात. गाडीचं भाडं माणशी किती पडतं ते काढून पुढच्या बैठकीत ठरवू.