मर्यादित दायित्व आणि जामिनाची सही

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या चार वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पुरवून ज्या मुंबईने अपरिमित द्रव्य संपादन केले, त्या मुंबईच्या पेढ्यांवर ते युद्ध संपल्याची वार्ता 1865 च्या मे महिन्यात येऊन थडकताच अवकळा पसरली. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा, 5,000 रुपये भरणा झालेला जो शेअर 50,000 च्या घरात विकला गेला होता, त्याला गिऱ्हाईक उरले नाही. आणि 1 जुलै हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा मोठमोठ्या सराफांची दिवाळी वाजली. 1863 च्या कायद्याने शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळालेली बँक ऑफ बॉम्बेही त्या भोवऱ्यातून सुटली नाही, आणि 1868 मध्ये तिचे समापन करावे लागले.

या अनर्थाचे खापर लोभावर फोडले जाते, आणि ते यथार्थच आहे. परंतु कायद्याचे अज्ञान हे त्याचे दुसरे कारण होय, असे माझे मत आहे. हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा 1850 चा, भागधारकांचे दायित्व मर्यादित करणारा 1857 चा, आणि ती सवलत बँकांना देणारा 1860 चा. म्हणजे ही व्यवस्था तेव्हा अगदी कोवळी होती. मर्यादित दायित्व याचा अर्थ दायित्वाचा अभाव नव्हे. शेअरच्या दर्शनी किमतीपैकी जेवढी रक्कम भरावयाची राहिली असेल, तेवढी कंपनी बुडाल्यावरही तिचे समापन करणाऱ्या अवसायकाला मागता येते, हे शेअर घेणाऱ्याने प्रथम जाणून घ्यावयास हवे.

कंपनी आणि तिचा मालक या दोन भिन्न व्यक्ती होत, हे तत्त्व 1896 मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने अ‍ॅरन सॅलोमन या पादत्राणांच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात निःसंदिग्ध केले. पत्नी व पाच मुले यांना नाममात्र भागधारक करून काढलेल्या त्याच्या कंपनीचे देणे त्याच्या अंगावर टाकण्यास न्यायालयाने नकार दिला. भागीदारीला हे कवच नाही. 1932 च्या कायद्याप्रमाणे पेढीच्या संपूर्ण कर्जाला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो. धनको त्यांपैकी ज्याच्याकडे मालमत्ता दिसेल त्याच्याच दारी जाणार. शिवाय नोंदणी नसलेल्या पेढीला कराराच्या हक्कासाठी परक्यावर दावा लावता येत नाही, ही गोष्ट तर अनेक भागीदारांच्या कानी वकिलाच्या कचेरीतच प्रथम पडते. एकत्र हिंदू कुटुंबाच्या धंद्यात कर्ता व्यक्तिशः बांधला जातो. इतर सहदायादांचा, म्हणजे हिस्सेदारांचा, सामान्यतः कुटुंबाच्या मिळकतीतील हिस्साच काय तो गुंततो.

2016 च्या दिवाळखोरी संहितेने बुडत्या कंपनीला सुव्यवस्थित मार्ग आखून दिला आहे. अर्ज दाखल करून घेतला गेला की दावे व जप्त्या स्थगित होतात, कारभार संचालकांच्या हातून निघतो, आणि कज्जेदाव्यांचा काळ धरून ही प्रक्रिया आटोपण्यास 330 दिवसांची मुदत सांगितलेली आहे. समापनाची पाळी आली तर प्रक्रियेच्या खर्चानंतर कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी आणि तारण असलेले धनको एका पंक्तीत बसतात. सरकारची बाकी बरीच मागे येते, आणि भागधारक अगदी शेवटी. कामगाराला बँकेच्या बरोबरीने स्थान देणारी ही तरतूद मला या संहितेतील सर्वांत न्याय्य वाटते.

तथापि व्यक्तींच्या नादारीसंबंधीचा तिचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तोही कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच; सामान्य दुकानदाराचे प्रकरण मुंबईसारख्या शहरात 1909 च्या आणि जिल्ह्यांत 1920 च्या जुन्या कायद्याकडेच जाते. आणि कंपनीची फेररचना मंजूर झाली तरी एवढ्याने जामीनदार मोकळा होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला आहे. म्हणून कंपनी काढून निर्धास्त झालेल्या प्रत्येक मराठी उद्योजकाला आग्रहाची विनंती आहे, की बँकेने पुढे केलेल्या कागदांत व्यक्तिगत जामिनाचा दस्तऐवज आहे काय हे पाहावे, आणि असल्यास तो जाणकाराकडून समजावून घेतल्याखेरीज त्यावर सही करू नये.