इलिरियाच्या किनाऱ्यावरील नाणी

आजच्या अल्बानियाचा एड्रियाटिक किनारा प्राचीन काळी इलिरियन टोळ्यांच्या प्रदेशात मोडत असे. तेथे कॉर्सिरा (आजचे कोर्फू) आणि कॉरिंथच्या ग्रीकांनी दोन वसाहती वसवल्या. इ. स. पू. 627 च्या सुमारास एपिडॅम्नोस, म्हणजे पुढचे डिर्राखिओन (आजचे दुरेस) उभे राहिले आणि इ. स. पू. 600 ते 588 च्या दरम्यान अपोलोनिया.

या दोन्ही नगरांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला वासराला पाजणारी, मान वळवून त्याच्याकडे पाहणारी गाय दिसते. दुसऱ्या बाजूला चौकोनात ताऱ्यांसारखी जोडनक्षी असते. ही चिन्हे मूळची कॉर्सिराची. कॉरिंथच्या धर्तीवर पंखधारी घोडा असलेली नाणीही येथे पाडली गेली.

पुढे स्टेटर या मोठ्या नाण्याची जागा सुमारे साडेतीन ग्रॅमच्या द्राख्मा नाण्याने घेतली. त्यावर नगराच्या नावाची आद्याक्षरे आणि अधिकाऱ्यांची नावे कोरलेली असत. त्या नावांच्या आधारे अभ्यासक नाण्यांचा कालक्रम लावतात. डॅन्यूबच्या खोऱ्यात या नाण्यांचे मोठे साठे सापडले आहेत. व्यापाराचा पल्ला त्यांवरून कळतो.

इलिरियन राजांनीही हीच परंपरा उचलली. इ. स. पू. 300 ते 280 च्या सुमारास राजा मोनुनिओसने गाय-वासराच्या नाण्यांवर स्वतःचे नाव घातले. इ. स. पू. 168 मध्ये रोमकडून पराभूत झालेल्या राजा जेंथिओसच्या तांब्याच्या मिश्रधातूच्या नाण्यांवर इलिरियन जहाज आढळते. समुद्रावर जगणाऱ्या लोकांची ती नेमकी ओळख होती.