पानाला ‘अंग’ म्हणतात तेव्हा

गुरुद्वाऱ्यात आपण लंगर जेवतो, हलव्यासारखा कडाह प्रसाद ओंजळीत घेतो आणि निघतो. कधी रात्री उशिरापर्यंत थांबून पाहावं. शेवटची अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की गुरू ग्रंथसाहिब हा धर्मग्रंथ रुमाल्यांत गुंडाळतात, कुणीतरी तो डोक्यावर घेतं, बाकीचे उभे राहतात. ग्रंथ वेगळ्या खोलीत अंथरलेल्या पलंगावर ठेवला जातो. याला सुखासन म्हणतात. पहाटे तो पुन्हा चांदव्याखाली येतो, उघडतो, त्याच्यावर चवरी ढाळली जाते. त्याला म्हणायचं प्रकाश.

हे पाहिलेला माणूस हमखास म्हणतो, ‘म्हणजे हे पुस्तकाची पूजा करतात.’ शिखांबद्दलच्या गैरसमजांत मला हा सर्वांत मोठा वाटतो, कारण बाकीचे बरेचसे यातूनच निघतात. शिखांचा देव एक आहे, निराकार आहे, जन्ममरणापलीकडचा आहे. 1469 मध्ये जन्मलेल्या गुरू नानकांनी हेच सांगितलं. ग्रंथ देवाच्या जागी नाही, गुरूच्या जागी आहे. ‘सिख’ हा शब्दच ‘शिष्य’वरून आला. शिष्य म्हटला की समोर गुरू हवा.

तो गुरू ग्रंथ कसा झाला, याचं उत्तर आपल्या नांदेडमध्ये आहे. दहावे गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये गोदाकाठी मुक्कामाला असताना त्यांच्यावर हल्ला झाला. त्या जखमेनं ते गेले. जाण्यापूर्वी त्यांनी सांगितलं की यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक, हजूरसाहिब, तिथेच आहे. ग्रंथ हा गुरू, म्हणून त्याच्या पानाला पान म्हणत नाहीत, ‘अंग’ म्हणतात. अशी 1430 अंगं आहेत.

या गुरूचा आवाज एकट्याचा नाही. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी 1604 मध्ये ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात आधीच्या गुरूंच्या आणि स्वतःच्या वाणीसोबत विणकर कबीर घेतले, चर्मकार रविदास घेतले, सूफी फरीद घेतले. जन्मानं हिंदू की मुसलमान, जात कोणती, हे विचारलं नाही. ‘शीख म्हणजे हिंदूंचीच एक शाखा’ किंवा ‘हिंदू आणि इस्लामचं मिश्रण’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की ज्याला स्वतःचा गुरू, ग्रंथ, दीक्षा आणि आचारसंहिता आहे, तो स्वतंत्र धर्म आहे.

दीक्षेची गोष्ट तर विलक्षण आहे. 1699 च्या बैसाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी शिर मागितलं आणि पाच जण उठले. त्यांतले एक, साहिबसिंग, बीदरचे न्हावी. गुरूंनी पाचांना दीक्षेचं अमृत दिलं आणि मग त्यांच्यापुढे हात जोडून स्वतः त्यांच्याकडून अमृत घेतलं. धर्मगुरूनं असं शिष्यांसमोर शिष्य व्हावं, हे मला आजही थक्क करतं.

हे अमृत घेतलेला तो खालसा. केस, कंगवा, कडं, कछेरा, किरपाण हे पाच ककार त्याचे. पगडी त्यांत नाही; ती केसांचा मान राखते. अमृत न घेतलेले शीखही असंख्य आहेत, आणि ‘सिंग’ लावणारा प्रत्येक जण शीख नसतो. राजपुतांतही ते आडनाव आहे. किरपाण म्हणजे धाक दाखवायचं हत्यार, हा समजही चुकीचा. ती दुबळ्याच्या रक्षणाची जबाबदारी आहे, आणि ती बाळगण्याचा शिखांचा हक्क आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात नोंदलेला आहे.

लंगरचं जेवण शाकाहारी असतं, त्यावरून सगळे शीख शाकाहारी असं नाही. कुणाही धर्माच्या माणसाला निःशंक जेवता यावं, म्हणून ते तसं. पंगतीत सगळे जमिनीवर, एका ओळीत. पण पंजाबातल्या कित्येक गावांत आजही जातीनिहाय वेगवेगळे गुरुद्वारे आहेत. गुरूंनी जे मोडलं ते समाजानं पुन्हा उभं केलं. त्याचं दुःख शीख स्वतः बोलून दाखवतात, आणि ते लपवून या धर्माचं कौतुक करणं मला खोटं वाटतं.

गुरुद्वाऱ्यात पुरोहितांची जात नाही. पाठ कुणीही करावा, बाईनं, पुरुषानं. सकाळी ग्रंथ सहज उघडला जातो आणि डाव्या अंगावर वरती जो शबद, म्हणजे पद, येईल तो त्या दिवसाचा हुकूम. हा हुकूम कधी नामदेवांचा निघतो. नर्सीचे आपले नामदेव शिंपी, ज्यांनी अखेरची वर्षं पंजाबात घुमानला काढली अशी तिथली श्रद्धा आहे, त्यांची एकसष्ट पदं या ग्रंथात आहेत. 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्यानं. तो शबद निघाला की संगत, म्हणजे जमलेली मंडळी, त्याच्यापुढे माथा टेकते.