मोहाचं फूल आणि सरकारची हद्द

फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. फुलं रात्रीच्या अंधारात गळतात आणि उजाडायच्या आत बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. खालचा पालापाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो, म्हणजे फिकट पिवळी, रसरशीत फुलं मातीवर चटकन दिसतात. ती अंगणात वाळवायची, कणगीत भरून ठेवायची, पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की उकडून किंवा भाजून खायची, थोडी विकायची, थोड्याची दारू गाळायची. फळांची भाजी होते, बियांचं तेल निघतं. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी वस्त्यांना हे झाड अडीअडचणीला घरातल्या कर्त्या माणसासारखं उपयोगी पडत आलं आहे. या फुलावर मुंबई सरकारने १८९२ साली खास कायदा केला. तो संपूर्ण इलाख्यासाठी नव्हता. त्याचा रोख मुख्यतः ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांवर होता. आपल्या दारातल्या झाडाचं फूल वेचून साठवायला सरकारची परवानगी लागू लागली.

कारण सांगितलं गेलं दारूबंदोबस्ताचं. पण उरणच्या भट्ट्यांमध्ये परवानेदार ठेकेदार याच फुलाची दारू काढत होते, ती मुंबईत उघड विकली जात होती आणि सरकारला त्यावर अबकारी मिळत होती. १८७८च्या अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरवली होती. तरी लोक गाळायचं थांबेनात, म्हणून सरकारने थेट फुलालाच हात घातला. आदिवासी दारू पितो हे सरकारचं दुखणं नव्हतंच. तो कर न भरता पितो, हे होतं. स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला आणि महसुलाच्या जागी नीती आली, पण फुलाची सुटका झाली नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली मोहफुलाची साठवण आणि वाहतूक पुन्हा परवान्यात अडकली. महाराष्ट्र सरकारने ही बंधनं उठवली २०२१ साली. म्हणजे एका फुलाला मोकळं व्हायला १२९ वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात एक साम्राज्य जाऊन एक प्रजासत्ताक आलं.

सरकार मर्यादित असावं, व्यक्तीच्या अंगणात त्याने विनाकारण पाय ठेवू नये, या विचाराकडे आपल्याकडे श्रीमंतांचा, कारखानदारांचा विचार म्हणून पाहिलं जातं. तो गरिबाचा विचार आहे, हे पाहायचं असेल तर या दोन तालुक्यांइतकी चांगली जागा नाही. मराठीला तो परकाही नाही. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगलखात्याने शेतकऱ्याची गुरं आणि चूल दोन्ही कशी कोंडली ते लिहिलं. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवून व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू मांडली. शरद जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हा शेतकऱ्याचं दारिद्र्य सरकारी धोरणातून येतं हेच त्यांचं म्हणणं होतं. या सगळ्यांचा सूर एकच आहे, असं मी म्हणणार नाही. फुल्यांना सरकारकडून शिक्षण हवं होतं, न्याय हवा होता. पण गरिबाच्या हातातली गोष्ट काढून घेणारं सरकार त्याचं भलं करू शकत नाही, हे तिघांनाही दिसत होतं.

ज्या वर्षी मोहाचा कायदा झाला, त्याच १८९२ साली शहापूर तालुक्यात तानसा धरण पुरं झालं आणि तिथलं पाणी मुंबईला जाऊ लागलं. डोंगरातलं पाणी शहरात नेण्याची ताकद सरकारकडे होती. झाडाखालच्या फुलापर्यंत पोचण्याचीही होती. मग याच जिल्ह्यात सावकाराच्या आणि जमीनदाराच्या दारात माणूस पिढ्यानपिढ्या वेठीला राबत होता, तिथे हे सरकार का पोचलं नाही? ती वेठ मोडायला १९४५ साली उत्तरेकडच्या तलासरी-उंबरगाव भागात वारल्यांना स्वतः उठावं लागलं. वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदा झाला १९७६ साली. आजही दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात. हंगाम संपला तरी अंगावरची रक्कम फिटलेली नसते, आणि हिशेबाची वही मालकाकडेच असते. माणसाला दुसऱ्याच्या जबरदस्तीपासून वाचवणं हे सरकारचं पहिलं काम. तिथे ते नव्हतं. फूल वेचणाऱ्या बाईच्या टोपलीपाशी मात्र ते हजर होतं.

दुसरा दाखला राबाचा. पावसाआधी भाताच्या, नागलीच्या रोपांसाठी जमिनीचा एक तुकडा निवडायचा, त्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, गवत, पाला असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि जाळायचं. तण मरतं, राख मिळते, रोप जोमाने येतं. इंग्रजी वनखात्याला यात नुसती झाडांची नासाडी दिसली. जंगलं राखीव झाली, फांद्या तोडण्यावर बंधनं आली आणि ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष झाला की सरकारला १८८५ साली वनआयोग नेमावा लागला. दोन वर्षांनी त्याचा अहवाल आला. राबाला सवलती मिळाल्या, पण त्या 'सवलती' होत्या, हक्क नव्हेत. हक्क मागता येतो. सवलतीसाठी हात जोडावे लागतात, आणि गार्डाची मर्जी फिरली की ती जाते. फ्रेडरिक हायेक या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली एक मुद्दा मांडला होता: समाज चालवायला लागणारं ज्ञान कुठल्याही एका टेबलावर गोळा होऊ शकत नाही, ते हजारो माणसांकडे तुकड्यातुकड्यांनी असतं. कोणत्या उतारावर राब भाजायचा आणि ऐनाची फांदी किती छाटली की झाड पुन्हा फुटतं, हे माळशेजच्या पायथ्याच्या शेतकऱ्याला ठाऊक होतं. मुंबईतल्या सचिवाला ते माहीत असण्याची सोयच नव्हती.

तिसरी गोष्ट सातबाऱ्याची. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा ३० ऑगस्ट १९७५ला लागू झाला आणि राज्यातली खाजगी वनं एका दिवसात सरकारच्या मालकीची झाली. मोठ्या जमीनदारांची जंगलं सार्वजनिक करावीत हा हेतू समजण्यासारखा आहे. पण 'खाजगी वन' कशाला म्हणायचं, याच्या व्याख्येत १९५०च्या दशकात नुसत्या नोटिसा निघालेल्या जमिनीही धरल्या गेल्या. कित्येक नोटिसा मालकाला कधी मिळाल्याच नव्हत्या, त्यांवर सुनावणी झाली नव्हती. पन्नासेक वर्षांनी इतर हक्कांच्या रकान्यात शेरा चढला आणि कसत्या जमिनीचा मालक कर्ज, विक्री, वाटणी या सगळ्यालाच मुकला. विक्रोळीच्या गोदरेजच्या जमिनीचा असाच खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० जानेवारी २०१४ला न्यायालयाने सांगितलं की नुसती नोटीस काढून भागत नाही. ती बजावली गेली पाहिजे आणि तिच्यावरची कार्यवाही जिवंत असली पाहिजे. गोदरेज दिल्लीपर्यंत जाऊ शकले. मुरबाडचा दोन एकरवाला तहसील कचेरीपर्यंतच जातो. मालमत्तेच्या हक्काला श्रीमंतांचा चोचला म्हणणाऱ्यांनी हा फरक नीट पाहावा. श्रीमंताकडे वकील असतो, गरिबाकडे फक्त हक्क असतो. तोच ढिला केला तर त्याच्याकडे काही उरत नाही.

आता आक्षेप. पहिला जंगलाचा: सरकारने हात काढला तर झाड उरेल का? हा प्रश्न गंभीर आहे, कारण लोकही झाडं तोडतात. पण इतिहास काय दाखवतो? १८६५ साली रेल्वे कसाऱ्याचा घाट चढून पलीकडे गेली. वाढत्या मुंबईला इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा हवा होता. ही तोड कातकऱ्याच्या कोयत्याने झाली असली, तरी मजुरी देणारा ठेकेदार होता आणि लिलाव सरकारचा होता. उलट बाजूचा पुरावाही आहे. सामाईक साधनं लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांवरून दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर न्यायला वनखातं वाहतूक पास देईना. २०११च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना स्वतः गावात येऊन पासबुक हाती द्यावं लागलं. बांबू हे गवत असून १९२७च्या वनकायद्यात तो 'झाड' होता. वनाबाहेरच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावरच्या बांबूला त्या व्याख्येतून सोडवायला २०१७ उजाडलं.

दुसरा आक्षेप बायकांचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. दारूने घरं मोडतात. मार खाणाऱ्या बाईला व्यक्तिस्वातंत्र्य ऐकवून काय उपयोग? पण मारहाण हा गुन्हा आहे आणि तिथे सरकारने पूर्ण ताकदीने उभं राहिलं पाहिजे. फुलावर बंदी घालून ती थांबली नाही. मोहाची जागा काळ्या गुळाने आणि नवसागराने घेतली, आणि परवान्याचं दुकान तर चालूच राहिलं. महाराष्ट्रात जिथे दुकानं खरोखर बंद झाली, तिथे बऱ्याचदा बायकांनी मतदान करून आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करण्याची खूण, निवडली. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी दिली. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावं आहेत. ज्या बाईला त्रास होतो तिने हात वर करून घेतलेला निर्णय आणि मंत्रालयातून आलेली बंदी, या एक गोष्टी नव्हेत.

तिसरा आक्षेप: सरकार मागे हटलं की सावकार पुढे येतो. येतो, हे खरं. म्हणूनच आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यावर जमीन महसूल संहितेत जी बंधनं आहेत, ती आज काढा असं म्हणणाऱ्यांत मी नाही. जमिनी फसवून, अंगठे घेऊन गेल्या आहेत, आणि फसवणुकीने झालेल्या व्यवहाराला स्वातंत्र्याचं नाव देता येत नाही. पण सावकाराला उत्तर फक्त सरकारच देऊ शकतं, हे खोटं आहे. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ला इंग्रजांच्या गोळीने मारले गेलेले भाई कोतवाल त्याआधी शेतकऱ्यांसाठी धान्य बँक चालवत होते. आपापल्या पिकातून लोकांनी भांडार उभं केलं, ते पुढच्या पावसात गरजूला मिळालं, सावकार वगळला गेला. त्याला कुणाची परवानगी लागली नाही.

२००६च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली दिली आहे. सरकार स्वतःविरुद्ध इतकं स्पष्ट क्वचित लिहितं. ती कबुली खरी करायची, तर शहापूर-मुरबाडच्या ग्रामसभांनी पुढच्या बैठकीत दोन ठराव जरूर घ्यावेत: खाजगी वनाचा शेरा असलेल्या प्रत्येक सातबाऱ्याची मूळ नोटीस बजावली होती का, ते तहसीलदाराने कागद दाखवून सांगावं, आणि नोटीस सापडत नसेल तर शेरा काढावा.