रातपाळीचे घर

थकवा, चिडचिड आणि उडालेली झोप: पाळीची नोकरी असलेल्या कुटुंबाने शरीराला कसे सांभाळावे?

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. भिलाईच्या टाऊनशिपमधील एखाद्या क्वार्टरसमोर स्कूटर येऊन थांबते. रातपाळी आटोपून घरचा कर्ता पुरुष परतलेला असतो. आत मुलांच्या डब्यांची घाई चाललेली असते. तो चहा घेतो, पोहे खातो, वर्तमानपत्र चाळतो आणि नऊच्या सुमारास अंथरुणावर पडतो. एवढ्यात भाजीवाल्याची हाक येते, मग दाराची घंटा वाजते, नंतर फोन. बारा वाजता तो उठून बसतो तेव्हा डोके जड असते आणि तोंडाला चव नसते. पहिला शब्द निघतो तोही रागाचाच.

"यांचा स्वभावच हल्ली असा झाला आहे," असे पत्नी म्हणते. पण हा दोष नेहमी स्वभावाचा असतो का?

भट्टी विझत नाही

सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा करण्याचा करार १९५५ साली झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून भारतीय रेल्वेचे रूळ घडवणाऱ्या या गावात देशभरातून माणसे आली. जवळच्या विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती.

झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे अखंड चालते. आत चौदाशे-पंधराशे अंश तापमानाचा लोखंडाचा रस असतो. रात्री दिवा मालवावा तशी ती मालवता येत नाही. म्हणून माणसेच तीन पाळ्यांत वाटली जातात. भट्टीला दिवसरात्रीचा फरक नसतो. माणसाच्या शरीराला मात्र तो असतो.

शरीरात काय घडते?

संकट समोर आले की मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनलीन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही तयारी उपयोगाची असते. संकट टळले की सारे पूर्ववत होते.

पण ताण रोजचाच झाला तर? हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये याविषयीचे आपले पहिले निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे त्याने मांडले की शरीर आधी सावध होते, मग काही काळ तग धरते आणि शेवटी थकते. अपचन, डोकेदुखी, वाढलेला रक्तदाब, पोटावर चढणारी चरबी आणि विनाकारण येणारा राग ही या थकव्याची रूपे असू शकतात.

रातपाळीत आणखी एक भर पडते. शरीरात एक घड्याळ असते. त्याचे कार्य पेशींच्या पातळीवर कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाप्रमाणे कॉर्टिसोल पहाटे चढते आणि मध्यरात्री उतरते. रात्री खाल्लेल्या अन्नातील साखर शरीराला दिवसासारखी हाताळता येत नाही. त्यामुळे रात्री दोन वाजता पोटभर जेवून सकाळी उन्हात झोपणारा माणूस रोज आपल्याच घड्याळाशी भांडत असतो.

ताटात काय असावे?

यासाठी महागड्या टॉनिकची गरज नसते. खाण्याची वेळ सांभाळली तरी बरेच साधते.

मुख्य जेवण रातपाळीला निघण्यापूर्वी, आठ-साडेआठपर्यंत घ्यावे. पोळी किंवा ज्वारीची भाकरी, वरण किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, एक पालेभाजी आणि वाटीभर दही एवढे पुरे. डब्यात पुरीभाजी न देता मुगाचा चिला, फुटाणे, शेंगदाणे, एखादे फळ असे हलके पदार्थ द्यावेत. मध्यरात्रीनंतर भरपेट खाणे टाळावे. सकाळी घरी आल्यावर उपाशी झोपू नये, पण तळलेलेही खाऊ नये. मऊ भात-वरण, उपमा किंवा दूध-केळे पोटाला सोसते.

चहाचा हिशेब वेगळा ठेवावा. चहा-कॉफीतील कॅफिनपैकी जवळजवळ निम्मे पाच तासांनंतरही शरीरात असते. सकाळी आठला झोपायचे तर शेवटचा कप रात्री दोनच्या आत झालेला बरा. जेवणाला लागून चहा घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्यावा.

भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. त्याने तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. जोडीला ताक किंवा लिंबूपाणी असावे. रक्तदाबाचा विकार असल्यास मीठ किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

छत्तीसगढच्या मातीतला शहाणपणाही विसरू नये. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, कांदा, मिरचीसोबत खायचा, ही इथल्या कष्टकऱ्यांची बोरे बासी. २०२२ च्या कामगारदिनी राज्य सरकारने ती खाण्याचे आवाहन करून श्रमिकांचा सन्मान केला. उन्हाळ्यात पोटाला गारवा आणि पाणी देणारी ही न्याहारी आहे. मात्र ती स्वच्छ पाण्यात भिजवावी, सकाळीच संपवावी आणि सोबत दही किंवा डाळ घ्यावी. मधुमेही व्यक्तीने भाताचे प्रमाण जपावे. इथली लाल भाजी आणि मुनगा, म्हणजे आपला शेवगा, हेही बाजारात सहज मिळतात.

झोप ही घराची जबाबदारी

प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. दिवसा ती सलग मिळणे कठीण, म्हणून ती मिळवावी लागते. झोपण्याच्या खोलीला जाड, गडद पडदा लावावा. उन्हाळ्यात कूलर असला तर त्याची घरघर बाहेरचे आवाजही झाकते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. दूधवाला, इस्त्रीवाला, शेजारी यांना वेळ सांगून ठेवावी. मुलांनाही "आवाज करू नका" असे ओरडण्यापेक्षा "बाबांची आता रात्र आहे" असे समजावले तर ती सहज ऐकतात.

सकाळी पाच तासच झोप झाली तर रातपाळीला निघण्यापूर्वी संध्याकाळी तास-दीड तास पडावे. पाळी संपल्यावर डोळे मिटत असतील तर लगेच स्कूटरला किक मारू नये. वीस मिनिटांची डुलकी घेऊनच निघावे. झोपेसाठी दारूचा आधार घेणे तर सर्वांत वाईट. तिने डोळा लागतो, पण झोप उथळ होते आणि मोडते.

आणि तिचे काय?

पाळी एकाची असली तरी जागरण दोघांचे असते. पहिल्या पाळीसाठी ती पहाटे चारला उठते, दुसऱ्या पाळीत रात्री अकरापर्यंत जेवणासाठी थांबते आणि रातपाळीत एकटी घर सांभाळते. उरलेसुरले शेवटी खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सततचा थकवा हा बाईचा आळस नसतो. तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. दुपारी नवरा झोपतो त्या वेळेतला अर्धा तास तिनेही हक्काने घ्यावा. दुसऱ्या पाळीचे जेवण झाकून ठेवून ती झोपली तर संसाराचे काही बिघडत नाही.

छातीत दुखणे, धाप लागणे असे झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. झोपेत जोराने घोरून श्वास अडकत असेल, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ पाळीप्रमाणे स्वतःच बदलू नये, डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

कारखान्यात भट्टीलाही ठरल्या काळाने दुरुस्तीसाठी थांबवतात. तेव्हा उत्पादन बुडाले म्हणून कोणी हळहळत नाही, कारण न थांबवल्यास काय होईल हे सर्वांना ठाऊक असते. पुढच्या महिन्याचे पाळीपत्रक हाती आले की नवराबायकोने पाच मिनिटे एकत्र बसावे आणि त्यात दोघांच्याही झोपेच्या वेळा लिहून ते स्वयंपाकघराच्या भिंतीला लावावे. सुरुवातीला एवढे केले तरी पुष्कळ आहे.